उद्या औषध मारणार आहेत

दोन्हींना आम्ही औषधच म्हणतो.
चमच्यातलं गुलाबी, जे ईश्वरी
गालात धरून ठेवते नि माझी पाठ वळली की थुंकते,
आणि कॅनमधलं, उसावरचं.
क्रियापद तेवढं वेगळं.
एक द्यायचं असतं, एक मारायचं.

मांजरीत नदीच्या अंगाला आमची अंगणवाडी.
एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला सोसायटी,
बारा मजले, बाल्कन्यांना सरकत्या काचा.
मधे आम्ही: एकोणीस मुलं, बाई, मी मदतनीस,
आणि एक खिडकी, जिची काच
जानेवारीत चेंडूनं गेली.

पहिल्यांदा आलं तेव्हा मुलं टाळ्या पिटत बाहेर धावली.
मीही धावले, खोटं कशाला बोलू.
सहा पंखे, पोटाला टाकी,
उसाच्या शेंड्यांवरून असं सरळ निघालं
जसं कुणी मशीनवर साडीला फॉल लावतंय.
तोंडावर बारीक काहीतरी पडलं, गार.
विहाननं जीभ बाहेर काढली.

त्या दुपारी खिचडी उरली.
विहान, ईश्वरी, त्या दोघी जुळ्या
डोळे चोळत भिंतीला टेकून बसलेली.
दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठलं औषध होतं?
मी म्हटलं, उसाचं.
नाव?
नाव मला कोण सांगणार.
त्यांनी कागदावर लिहिलं ॲलर्जी, नि पुढे प्रश्नचिन्ह.
ते प्रश्नचिन्ह मी घरी येईपर्यंत बघत होते.

यंत्र उडवतो तो झांबऱ्यांचा हर्षल.
याच खोलीत बाराखडी गिरवली, याच पातेल्यातलं खाल्लं,
आधी शेंगदाणे वेचून.
पाणी प्यायला आला, डोळे त्याचेही लाल.
म्हणाला, मावशी, वारा बघूनच उडवतो, मोबाइलवर दिसतो.
त्याच्या मागे तारेवर
मुलांचे धुतलेले रुमाल
सगळेच्या सगळे आमच्या दाराकडे आडवे.

आमचे हे पाठीवर पंप घेऊन उसात शिरायचे,
बाहेर यायचे ते शर्ट पिळत.
रात्री पाठीला खोबरेल चोळताना माझे तळवे चुरचुरायचे.
आता कुणाची पाठ पोळत नाही, हर्षल सांगतो,
आणि ते खरंच आहे.
म्हणून तर भांडायला शब्द सापडत नाही.

हजेरीच्या वहीचं मागचं पान मी घेतलं.
बुधवार, सातला. वारा नदीकडून. ईश्वरी खोकली.
शुक्रवार. वारा नाही, तरी वास.
शनिवारी नळापाशी मधमाश्या, ओंजळभर,
मेलेल्या. झाडून टाकल्या.
नंतर वाटलं, ठेवायला हव्या होत्या, कुणाला तरी दाखवायला.
कुणाला, ते काही सुचलं नाही.
सुपरवायझर मॅडम पान उलटून म्हणाल्या,
हा रकाना कुठून आला?
मी आखला, मॅडम. पट्टीनं.

आता हर्षल आदल्या रात्री फोन करतो.
मावशी, उद्या सकाळी. एवढंच बोलतो, ठेवतो.
मग मी एकोणीस घरांना फोन लावते.
दोघांचं रिचार्ज संपलेलं असतं,
तिथं बॅटरी घेऊन चालत जाते.
त्यातल्या एका घरी सातवा महिना चालू आहे,
तिला म्हणते, उद्या दहापर्यंत दार उघडू नकोस.
ती म्हणते, आणि पाणी कुठून भरू?
सोसायटीत कुणाला सांगायचं ठाऊक नाही.
वॉचमनला सांगते. तो मान हलवतो.

खिडकीला पोषण आहाराचं पोस्टर लावलंय,
चारी बाजूंनी चिकटपट्टी.
गाजर, पालक, कापलेलं अंडं, दुधाचा पेला.
वारा सुटला की मधोमध फुगतं,
पुन्हा गजांना जाऊन चिकटतं.
ईश्वरी म्हणते, मावशी, पालक कुणी खाल्ला?
बघते तर कागदाच्या त्या कोपऱ्यात
हिरवा रंग उतरलाय, ठिपक्या-ठिपक्यांनी,
मोजता येतील एवढे.
मी मोजायला घेतले.
बारापर्यंत आले असेन,
मग पातेल्यावर झाकण ठेवायला धावले.